पाँडिचेरीच्या नोंदवह्यांतून एका फ्रेंच पूर्वजाचा शोध

माझ्या सासूबाईंचे माहेर पाँडिचेरीचे. माहेरचे आडनाव फ्रेंच, घरातली भाषा तमिळ, धर्म कॅथलिक, आणि पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी, की मूळपुरुष अठराव्या शतकातला फ्रेंच गव्हर्नर दुप्ले याच्या फौजेत कप्तान होता व त्याच्यापासून हे आडनाव चालत आले. कप्तानाचे नाव कोणी सांगत नसे, त्याचे गाव कोणाला ठाऊक नव्हते. पण त्याच्या असण्याविषयी घरात कोणाला शंकाही नव्हती. मी पुण्याच्या, छापील कुलवृत्तान्त असलेल्या घराण्यातली मुलगी. मूळपुरुषाचे नाव, गोत्र, कोकणातले गाव आणि तिथून खाली उतरणारी वंशावळ हे सारे पुस्तकाच्या कपाटात तयार असते, अशीच माझी समजूत. त्यामुळे सासूबाईंच्या कप्तानाला नाव-गाव मिळवून द्यावे असे वाटू लागले, आणि नोकरीतून मोकळी झाल्यावर, फ्रेंच पूर्वी शिकलेली होती म्हणून, मी ते काम हाती घेतले.

आपल्याकडचा कुलवृत्तान्त मूळपुरुषापासून सुरू होतो. फ्रेंच वंशशोधाची रीत नेमकी उलटी आहे. हयात माणसापासून आरंभ करायचा, त्याच्या जन्मनोंदीवरून आईवडिलांच्या विवाहनोंदीकडे जायचे, त्या विवाहनोंदीवरून दोघांच्या जन्मनोंदींकडे, आणि असे एकेक पिढी मागे सरकायचे. मधली एखादी पायरी कागदाने सिद्ध झाल्याशिवाय पुढची मानायची नाही. ही शिस्त प्रथम जाचक वाटते, कारण मन सारखे दुप्लेच्या काळात उडी मारू पाहते. पण तीच पुढे उपयोगी पडली.

घरात दोन कागद होते. एक सासूबाईंच्या जन्माचा दाखला आणि दुसरी त्यांच्या आईवडिलांची ‘लिव्रे द फामीय’, म्हणजे लग्नाच्या वेळी नवदांपत्याला सरकारकडून मिळणारी कुटुंबपुस्तिका, जिच्यात पुढे प्रत्येक मुलाचा जन्म नोंदवला जातो. पाँडिचेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला, तरी हस्तांतराचा करार अमलात आला तो १६ ऑगस्ट १९६२ रोजी, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत तिथल्या फ्रेंच नागरिकांना फ्रेंच राष्ट्रीयत्व कायम ठेवण्याचा पर्याय होता. सासूबाई भारतीय राहिल्या, त्यांच्या भावाने फ्रान्स पत्करला. त्यामुळे ही पुस्तिका माझ्या मामासासऱ्यांकडे पॅरिसजवळच्या एका उपनगरात होती. त्यांनी तिची छायाचित्रे पाठवली आणि सोबत कळवले, की कप्तानाचे चित्र सापडले तर मोठे करून पाठव.

पुस्तिकेत सासूबाईंच्या वडिलांचा जन्म सायगाव येथे १९०५ साली झाल्याचे लिहिले होते. पाँडिचेरीच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. फ्रेंच अमलाखालील हिंदुस्थानातून कारकून, पोलीस, जकात खात्यातले नोकर मोठ्या संख्येने कोचीन-चीनमध्ये, म्हणजे सायगाव जिथे आहे त्या आजच्या दक्षिण व्हिएतनाममध्ये, जात, तिथे संसार थाटत आणि पेन्शन घेऊन परत येत. सासूबाईंना मात्र आपले आजोबा ‘बोटीवर होते’ एवढेच सांगण्यात आले होते. ते बोटीवर नव्हते, सायगावच्या जकात खात्यात होते. बोट फक्त येण्याजाण्यापुरती.

फ्रान्सच्या पूर्वीच्या वसाहतींचे जन्म, विवाह व मृत्यू यांचे जुने दप्तर दक्षिण फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील सागरपार राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या नोंदींचा फार मोठा भाग त्यांनी संगणकावर घरबसल्या, विनामूल्य पाहण्यासाठी खुला केला आहे. वसाहत, गाव आणि वर्ष निवडले की त्या वर्षाच्या वहीची पाने उघडतात. वहीच्या शेवटी बहुधा वर्षाची नावनिशी असते, आणि दर दहा वर्षांची एकत्रित सूचीही असते. नव्या माणसाने वही चाळत बसण्यापेक्षा आधी या दहावर्षीय सूच्या पाहाव्यात. तुलनेने अलीकडच्या, म्हणजे शंभर वर्षांच्या आतल्या नोंदींसाठी नाँत येथील परराष्ट्र खात्याच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि पंचाहत्तर वर्षांच्या आतल्या जन्म-विवाहाच्या नोंदीची पूर्ण नक्कल केवळ जवळच्या नातलगांना मिळते. म्हणून तो अर्ज मी मामासासऱ्यांच्या सहीने केला.

सायगावची १९०५ची जन्मनोंद सापडली. फ्रेंच नोंद वाचण्याचे सुख असे, की तिच्यात माणूस एकटा कधीच नसतो. बाळाबरोबर वडिलांचे वय, व्यवसाय व राहण्याची जागा, आईचे माहेरचे नाव व वय, आणि दोन साक्षीदार त्यांच्या वय-धंद्यासह हजर असतात. आईचे नाव माहेरचेच लिहायचे, हा त्या कारभाराचा नियम. लग्न झाले म्हणून कागदावरची बाई नवऱ्याच्या आडनावात विरघळून जात नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत किंवा आपल्या कुलवृत्तान्तांत सुनेचे माहेर शोधताना जो त्रास होतो तो इथे होत नाही, याचे महत्त्व मला पुढे कळणार होते.

या नोंदीवरून सासूबाईंच्या आजोबांचा जन्म १८७६च्या सुमाराचा ठरत होता. पाँडिचेरीच्या १८७३ ते १८८२ या काळातल्या सूच्यांत मात्र त्या आडनावाचा एकही मुलगा नव्हता. मी कारैकाल पाहिले, माहे पाहिले, चंद्रनगर आणि यानमही पाहिले. कुठेच काही नव्हते. तेव्हा आजोबांची पाँडिचेरीतली विवाहनोंद शोधली. ती १९०२ची निघाली आणि तिच्यात वराच्या नावापुढे एक ओळ होती, जिने कप्तानाची हकीकत एका फटक्यात संपवली. वराच्या वडिलांनी १८८२ साली ‘वैयक्तिक कायद्याचा त्याग’ केला असून तेव्हापासून हे कुटुंब अमुक आडनाव लावते, असे तिथे स्वच्छ लिहिले होते.

हा ‘त्याग’ काय होता ते थोडे सांगायला हवे. १८१९ साली पाँडिचेरीत फ्रेंच कायदेसंहिता लागू झाल्या तेव्हा हिंदू, मुसलमान व देशी ख्रिस्ती यांना विवाह, वारसा, जातिरिवाज यांबाबत आपापले कायदे पाळण्याची मोकळीक ठेवली होती. २१ सप्टेंबर १८८१च्या फर्मानाने कोणाही देशी माणसाला आपला हा वैयक्तिक कायदा सोडून स्वतःला, बायकोला व अज्ञान मुलांना फ्रेंच दिवाणी कायद्याखाली आणण्याची सोय दिली. निर्णय एकदा घेतला की परत फिरता येत नसे, आणि जाहीरनामा देताना कुटुंबासाठी एक कायमचे आडनाव निवडावे लागे. या चळवळीचे पुढारी वकील पोन्नुतंबी पिल्लै यांनी स्वतः ‘ला पोर्त’ हे आडनाव घेतले. १८७३ साली पायांत युरोपीय बूट घालून न्यायालयात उभे राहिल्याबद्दल ज्यांना अडवले गेले आणि ज्यांनी तो वाद पॅरिसपर्यंत नेऊन जिंकला, तेच हे गृहस्थ. त्यांच्यामागून अनेकांनी फ्रेंच आडनावे घेतली. कोणी संताचे नाव घेतले, कोणी फ्रान्समधल्या थोर माणसाचे, कोणी नुसता कानाला बरा वाटणारा शब्द घेतला. आजच्या पाँडिचेरीतली कितीतरी फ्रेंच आडनावे या एका फर्मानातून आलेली आहेत. म्हणून तिथल्या फ्रेंच आडनावाच्या कुटुंबाने दुप्लेकडे धाव घेण्याआधी त्यागाची नोंदवही पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही ती वही पाहिली. सासूबाईंच्या पणजोबांचा १८८२चा जाहीरनामा मिळाला. जुने नाव तमिळ, शेवटी ‘पुल्ले’, म्हणजे फ्रेंच कारकुनाच्या लेखणीतले ‘पिल्लै’. खाली सही तमिळ अक्षरांत. यादीत बायको आणि तीन मुले. त्यांतला मधला मुलगा म्हणजे आजोबा. जन्माच्या वेळी त्यांना आडनावच नव्हते, म्हणून सूचीत त्या आडनावाखाली ते सापडणे शक्य नव्हते. तमिळ नावाने शोधताच १८७६ची जन्मनोंद हाती आली.

सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “मग कप्तान गेला कुठे?” मामासासऱ्यांनी फोनवर बराच वेळ काही म्हटले नाही आणि नंतर ‘वहीत चूक असेल’ असा निकाल दिला. मला स्वतःला ते पणजोबा कप्तानापेक्षा अधिक मोलाचे वाटतात. जातीचे नियम, वारशाचे नियम आणि स्वतःचे नाव एका सहीने खाली ठेवणे हे १८८२ साली सोपे नव्हते. पण घरच्या मंडळींच्या मनात कप्तानाच्या जागी हे पणजोबा बसवायला वेळ लागतो.

काम इथेच थांबले असते. पण त्याच १९०२च्या विवाहनोंदीत वधूही होती. सासूबाईंच्या या आजीविषयी घरात फारसे कोणी बोलत नसे. ‘ती फार गोरी होती आणि तिला तमिळ वाचता येत नसे’ इतकीच आठवण शिल्लक होती. तिची १८८२ची जन्मनोंद देशी लोकांच्या वहीत सापडली नाही. पाँडिचेरीत युरोपीय व युरोपीयांचे वंशज यांच्या वह्या वेगळ्या ठेवल्या जात, आणि आजी तिथे होती. नोंदीच्या समासात तिच्या १९०२च्या विवाहाचा उल्लेख होता, त्यामुळे ती हीच, याबद्दल संशय उरला नाही. विवाहाचा उल्लेख जन्मनोंदीच्या समासात करण्याची सक्ती १८९७च्या कायद्याने आली. त्याआधी लग्न झालेल्यांच्या बाबतीत असा आधार मिळतोच असे नाही. म्हणजे फ्रेंच पूर्वज होता. आडनावाच्या वाटेवर मात्र तो नव्हता. तो या आजीच्या मागे होता, जिचे माहेरचे नाव घरात कोणी उच्चारतही नव्हते.

तिथून वर चढणे काही काळ सुकर झाले. विवाहनोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावे, ते हयात आहेत की नाहीत, मयत असल्यास कुठे व केव्हा वारले, हे सर्व असते. आजीची आई १८५८ची, तिचे वडील १८३४चे, त्यांचे वडील १८०८चे. एका ठिकाणी वराचा जन्मदाखला नव्हता. तेव्हा फ्रेंच संहितेप्रमाणे सात साक्षीदारांनी न्यायाधीशापुढे शपथेवर त्याचे वय व आईबाप सांगितले होते, आणि तो ‘लोकज्ञात असल्याचा दाखला’ विवाहाच्या कागदांत नमूद होता. सात शेजाऱ्यांच्या नावांची ती यादी मला एखाद्या लहान शिरगणतीसारखी वाटली: एक सुतार, एक शाळामास्तर, दोन पेन्शनर, एक खलाशी आणि बाकीचे नुसते ‘मालमत्तादार’.

१८०८ची नोंद मात्र वेगळ्या काळातली होती. १७९३ साली इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली आणि ती फ्रेंचांना परत मिळाली १८१६च्या डिसेंबरात. त्या अवधीत तिथे राहिलेली फ्रेंच कुटुंबे परक्या अमलाखाली होती, पण बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदी चर्चमध्ये चालूच होत्या. १८०८ची नोंद म्हणून सरकारी साच्यातली नाही. तिच्यात धंदा नाही, वय नाही. आईबाप, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे धर्मपिता व धर्ममाता, आणि पाद्र्याची सही एवढेच आहे. धर्मपित्याच्या आडनावाकडे लक्ष ठेवावे, कारण तो पुष्कळदा मामा किंवा आजोबा असतो. आम्हाला पुढची पायरी त्यानेच दिली. बाळाचा धर्मपिता म्हणजे त्याचे आजोबाच होते आणि त्यांच्या नावापुढे ‘या शहरी जन्मलेले’ असे दोन शब्द अधिक होते.

अठराव्या शतकात पोचल्यावर लिपीचा प्रश्न उभा राहिला. मोडी वाचण्याचा सराव असल्यामुळे जोडाक्षरांची मोडतोड आणि कारकुनी संक्षेप यांची मला भीती नव्हती, आणि ती सवय उपयोगी पडली, कारण अशा लेखनात एकेक अक्षर ओळखत बसण्यापेक्षा ठरलेले वाक्य आधी पाठ करावे लागते. ‘आज अमुक महिन्याच्या अमुक दिवशी, तीन वेळा घोषणा करून व कोणतीही हरकत न आल्यामुळे’ हा विवाहनोंदीचा मजकूर एकदा डोक्यात बसला की डोळे फक्त नावांच्या जागी थांबतात.

पाँडिचेरीच्या या जुन्या वह्या १६७६पासूनच्या आहेत. तेव्हा फ्रांस्वा मार्तँ यांनी ही वखार वसवून दोनच वर्षे झाली होती, आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी जवळची जिंजी घेतली. युरोपीय आणि टोपीवाले मिश्रवंशीय यांचे धार्मिक विधी काप्युसँ या कॅथलिक संघाचे पाद्री करीत, तर तमिळ ख्रिस्ती येशूसंघाच्या पाद्र्यांकडे असत. इंग्रजांनी १७६१च्या जानेवारीत शहर घेतले आणि नंतर पाडून टाकले. तरीही नोंदी वाचल्या. पुढे जून १७७६मध्ये राजाज्ञा निघाली, की वसाहतींतील सर्व नोंदवह्यांची एक प्रत व्हर्सायला पाठवावी, आणि आधीच्या वह्यांच्याही नकला करून द्याव्यात. समुद्रापलीकडचे कागद वादळ, वाळवी आणि युद्ध यांत नष्ट होतात हे अनुभवाने कळले होते. आज एक्समध्ये जे आहे त्याचा पाया ही राजाज्ञा. तिची दुसरी बाजू अशी, की १७७६पूर्वीच्या ज्या ओळी आपण वाचतो त्या पुष्कळदा मूळ पाद्र्याच्या हातच्या नसतात, नकलनविसाच्या असतात; त्याला न लागलेले नाव तो सरळ मोकळी जागा सोडून पुढे जातो.

१७६० पर्यंतच्या काळासाठी आणखी एक साधन आहे. फ्रेंच हिंदुस्थानचे गव्हर्नर राहिलेले इतिहासकार आल्फ्रेद मार्तिनो यांनी पाँडिचेरीच्या या नोंदींचे सारांश विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून छापून काढले. त्या छापील पानांत १७५१च्या सालाखाली आमच्या ओळीतला पहिला विवाह मिळाला. वर होता ‘कंपनीच्या फौजेतील शिपाई’; कंपनी म्हणजे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी. कप्तान नव्हे, सार्जंटही नव्हे. सार्जंट तो नंतर झाला. त्याच्या आडनावापुढे एक टोपणनाव होते, एका फुलाचे. फ्रेंच फौजेत भरती होणाऱ्या शिपायाला असे लष्करी नाव मिळे, आणि हजेरीपटात तो त्याच नावाने ओळखला जाई. पुष्कळ घराण्यांत हे टोपणनावच पुढे आडनाव होऊन बसले. म्हणून शोध दोन्ही नावांनी करावा लागतो.

वधू मद्रासजवळच्या मैलापूरची, पोर्तुगीज आडनावाची, ‘मेस्तीस’ म्हणजे मिश्रवंशीय म्हणून नोंदलेली. अशी लग्ने त्या शहरात अपवाद नव्हती. खुद्द दुप्लेची पत्नी जान पाँडिचेरीतच जन्मली होती. तिचे वडील कंपनीचे शल्यचिकित्सक आणि आई रोझ द कास्त्रो ही पोर्तुगीज-हिंदी वंशाची. फ्रान्सहून बायका फारच थोड्या येत, त्यामुळे पाँडिचेरीतल्या ‘शुद्ध फ्रेंच’ म्हणवणाऱ्या घराण्यांचीही दुसरी-तिसरी पिढी वर गेली की मैलापूर, मद्रास, कधी गोवा येऊन भेटते. कप्तानाच्या हकीकतीत ही बाई कुठेच नव्हती. माझ्या मते ती शिपायाइतकीच या कुटुंबाची मूळ आहे, आणि तिच्या बाजूची माणसे त्याच्याआधी किती पिढ्या या किनाऱ्यावर होती कोण जाणे.

इथवरचे काम पुण्यात बसून झाले. शिपायासाठी मात्र मी एक्सला गेले. वाचनकक्षात लिहायला पेन्सिल वापरावी लागते, वाचकपत्र मोफत मिळते, आणि मागितलेली पेटी टेबलावर यायला वेळ लागतो, म्हणून क्रमांक आधी घरून काढून न्यावेत. जुन्या वसाहती नोकरवर्गाची व्यक्तिवार प्रकरणे अधिकाऱ्यांची असतात. साध्या शिपायाचे प्रकरण तिथे शोधू नये. त्याच्यासाठी फौजांच्या नामावल्या पाहाव्या लागतात. पाँडिचेरीच्या पलटणीच्या यादीत फुलाच्या नावाखाली तो होता: जन्म व्हान धर्मप्रांतातल्या एका गावी, म्हणजे वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीत, भरतीच्या वेळी वय २२, उंची मध्यम, केस तांबूस, तोंडावर देवीचे वण. सर्व शोधात त्याच्या चेहऱ्याबद्दल सापडलेले एवढेच. मामासासऱ्यांना चित्राऐवजी मी ही ओळ पाठवली.

तो आला केव्हा, याचे उत्तर लोरियाँच्या दप्तरात होते. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६४ साली स्थापलेल्या कंपनीचे हे ब्रिटनीतले बंदर. तिथून सुटणाऱ्या जहाजांच्या खलाशी-प्रवाशांच्या याद्या टिकल्या आहेत, आणि त्या फ्रेंच संरक्षण खात्याच्या ‘मेम्वार देझ ओम’ या संकेतस्थळावर पाहता येतात. १७४४ साली सुटलेल्या एका जहाजावरच्या शिपायांत त्याचे नाव आहे. आदल्या काही वर्षांत पाँडिचेरीला फौजेची निकड भासू लागली होती, आणि त्याला मराठ्यांचाही हातभार होता. १७४० साली रघुजी भोसले कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या अर्काटच्या तमिळ मुलखात, उतरले, तिथला नवाब दोस्त अली मारला गेला, त्याच्या व त्याचा जावई चंदासाहेब याच्या घरच्या बायका आश्रयाला पाँडिचेरीत आल्या आणि गव्हर्नर द्युमाने त्यांना रघुजींच्या हवाली करायला नकार दिला. पुढे चंदासाहेब साताऱ्यास कैदेत गेला. ब्रिटनीतल्या एका तरुणाला फुलाचे नाव देऊन समुद्रावर लोटण्यामागे या घडामोडी होत्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. इंग्रजांशी पेटलेले युद्ध हे कारण अधिक मोठे. पण सासरच्या वंशावळीत अचानक नागपूरकर भोसले भेटले याचा मला आनंद झाला, तो का लपवावा?

शिपायाचे गाव ज्यात येते त्या मोर्बियाँ जिल्ह्याच्या अभिलेखागाराने आपल्या चर्चच्या वह्या संगणकावर ठेवल्या आहेत. फ्रान्समध्ये १६६७च्या आज्ञेपासून या वह्या दोन प्रतींत ठेवल्या जात, त्यामुळे एकीचे पान फाटले तर दुसरी पाहता येते. त्या गावच्या वहीत शिपायाच्या नावाचे दोन बाप्तिस्मे निघाले, एक १७२१चा आणि एक १७२३चा. बाप वेगळे, आया वेगळ्या, आडनाव एकच. गावात त्या आडनावाची घरे पुष्कळ होती आणि मुलांना ठेवायची नावे थोडीच. दोघांपैकी एक लहानपणी वारला असता तर प्रश्न सुटला असता, म्हणून दफनाच्या वह्या पाहिल्या. तशी नोंद नाही. जहाजाच्या यादीत त्याच्या बापाचे नाव नाही. १७५१च्या विवाहनोंदीत असायला हवे होते, आणि तिथे ‘अमुकचा मुलगा’ या शब्दांत ‘अमुक’च्या जागी नकलनविसाने कोरी जागा सोडलेली आहे.

सासूबाईंनी या दोघांपैकी एकाची निवड करण्याचा आग्रह धरला. वयाचा हिशेब १७२१च्या मुलाकडे झुकतो असे मी त्यांना सांगितले. पण भरतीच्या वेळी वय अंदाजाने लिहिले जाई हेही सांगितले. वंशावळीच्या तक्त्यात मी दोन्ही बाप्तिस्मे तुटक रेषेने जोडले आहेत. असल्या तक्त्यांत तुटक रेषा पाहणाऱ्याला आवडत नाही, आणि तिथेच बहुतेक कुटुंबांचा शोध बिघडतो. कोणीतरी ती रेषा पक्की करते आणि पुढचे सगळे तिच्यावर बांधले जाते.

एक गोष्ट वह्या वाचताना सारखी डोळ्यांत भरत होती ती सांगितली पाहिजे. आमचा शिपाई सापडला, कारण त्याने चर्चमध्ये लग्न केले. त्याच पानांवर, त्याच्या मागेपुढे, कितीतरी बाप्तिस्मे असे आहेत की आईचे नाव नुसते ‘मारी’ किंवा ‘रोझा’, जात किंवा गुलाम असल्यास मालकाचे नाव, आणि बापाच्या जागी ‘अज्ञात’. तो अज्ञात बाप पुष्कळदा त्याच पलटणीतला असणार. कधी धर्मपित्याचे नाव काही सुचवते, कधी तेही नाही. त्या मुलांचे वंशज आजही पाँडिचेरीत असतील, त्यांतले कोणी घरी कप्तानाची गोष्टही सांगत असतील, आणि त्यांना या दप्तरातून त्यांचा फ्रेंच पूर्वज कधीही मिळणार नाही. काही जण आता जनुकीय तपासणीकडे वळले आहेत. ती दूरचा चुलतभाऊ दाखवू शकते. १७५०च्या रात्रीचे नाव तिला सांगता येत नाही. आमच्याच तक्त्यात शिपायाच्या सासूच्या जागी ‘ईनेस, मैलापूर’ एवढेच आहे, आणि तिच्यावरची चौकट रिकामी आहे.

मामासासऱ्यांचे म्हणणे आता असे आहे, की सार्जंट म्हणजे जवळजवळ कप्तानच. त्यांनी आपल्या नातवंडांना तसेच सांगायला सुरुवातही केली आहे, आणि मी त्यांच्याशी वाद घालणे सोडून दिले आहे. १८८२च्या जाहीरनाम्याची प्रत मात्र सासूबाईंनी मागून घेतली, आणि वडिलांच्या घराण्याचे जुने तमिळ नाव त्या आता स्वतः लिहून दाखवतात.

राहिलेला प्रश्न शिपायाच्या बापाचा. एक्सच्या दप्तरात पाँडिचेरीच्या नोटरींचे कागदही आहेत: मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, विवाहाचे करारनामे. वधूच्या नावे शहरात एक लहान घर होते, असे तिच्या मुलाच्या नोंदींवरून दिसते, आणि घर असलेल्या मुलीचे लग्न करारनाम्याशिवाय सहसा होत नसे. करारनाम्यात वराच्या आईबापांची नावे लिहिली जात आणि तो चर्चच्या वहीहून वेगळ्या हाताने लिहिलेला असे. १७५१च्या गठ्ठ्याचा क्रमांक मी शोधून ठेवला आहे आणि त्याच्या प्रतीसाठी अर्ज केला आहे.